अळवाखालची बादली

चारुशीला भटकर यांचे पत्र माझ्याकडे आहे, आणि त्याचे उत्तरही माझ्याकडेच आहे.

पत्र जुने आहे. तेव्हा आम्ही दोघे अमरावतीच्या एका विज्ञान महाविद्यालयात होतो. त्या प्राणिशास्त्र शिकवत, मी ग्रंथपाल होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी नाशिकहून, आपल्या आईवडिलांच्या घरून, ते लिहिले. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने त्यांना बोलावले होते. परत करायची राहिलेली दोन पुस्तके, कपाटाची किल्ली कोणाकडे दिली आहे, असा मजकूर होता. शेवटी मात्र असे होते : 'तुम्ही थांबा म्हणालात तर मी थांबेन. जा म्हणालात तर जाईन. काहीच म्हणाला नाहीत तर काय करायचे ते मला कळणार नाही, म्हणून कृपा करून काहीतरी म्हणा.'

मी लगेच उत्तर लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात 'थांबा' हा शब्द होता. दुसऱ्या दिवशी तो मला आगाऊ वाटला. म्हणून त्याच्या आधी एक वाक्य घातले आणि नंतर एक. मग त्या वाक्यांच्या मानाने तो शब्द उघडा दिसू लागला, म्हणून काढला. अक्षर सुधारले, कागद बदलला. शेवटी पत्र निर्दोष झाले आणि त्यात काही उरले नाही. कॉलेज उघडले तेव्हा प्राणिशास्त्राच्या खोलीत दुसऱ्याच बाई शिकवत होत्या.

हे मी कौतुकाने सांगत नाही. पुढचे समजायला ते लागेल, इतकेच.

निवृत्तीनंतर मी चिखलदऱ्याला येऊन राहिलो. इथे धुके आहे, गारवा आहे, वाचायला वेळ आहे. मेव्हणे गेल्यावर माझी मोठी बहीण शालूताई अचलपूरचे घर बंद करून माझ्याकडे आली. "तू पुस्तकं खाऊन जगशील अन् मी लोकांना काय सांगू?" असे तिचे म्हणणे होते. आमचे बरे चालले होते. आणि मग एका सकाळी नागपूरच्या एका संशोधन केंद्राची गाडी दाराशी उभी राहिली.

गाडीतून डॉक्टर फरहीन काझी उतरल्या. तिशीच्या असतील. भराभर चालणाऱ्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांच्या हातात बर्फाच्या पेटीसारखी एक पेटी होती. झाकण उघडल्यावर शालूताई दोन पावले मागे सरली.

"अगं बाई! पाल आहे ही!"

"पाल नाही, आजी. सॅलामँडर आहे. अ‍ॅक्सोलॉटल म्हणतात याला. जन्मभर पाण्यातच राहतो."

वीतभर लांबीचा, फिकट गुलाबी प्राणी होता. मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे लाल कल्ले. डोळे बारीक आणि तोंडाची रेघ दोन्ही टोकांना वर वळलेली, त्यामुळे तो सतत हसतो आहे असे वाटे.

"हसून काय राहिला मेला," शालूताई म्हणाली.

डॉक्टरांनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. माझे काही चुकत असेल, मी ग्रंथपाल होतो.

बेडकाचे पिल्लू मोठे होते तेव्हा कल्ले गळतात, फुप्फुसे येतात आणि ते पाण्याबाहेर पडते. हा प्राणी तसे करत नाही. तो वयाने वाढतो, पण अंगाने पिल्लूच राहतो. कदाचित त्यामुळेच त्याच्याकडे एक जुनी विद्या शिल्लक आहे. त्याचा पाय तुटला तर पाय परत येतो. शेपटी तुटली तर आतल्या मज्जारज्जूसकट शेपटी येते. जखम झाली की आपल्या शरीराला ती बुजवण्याची घाई होते, व्रण येतो आणि काम संपते. याचे शरीर व्रण येऊ देत नाही. जखमेपाशी पेशींचा एक कोंब तयार होतो, आणि तिथे काय होते आणि किती होते हे त्या कोंबाला ठाऊक असते.

नागपूरच्या लोकांनी एवढेच शोधले की तो कोंब शेजाऱ्यांनाही शिकवतो. रुग्णाच्या कातडीतून पेशी घ्यायच्या, त्यांना मज्जातंतूच्या पेशींचे रूप द्यायचे आणि या प्राण्याच्या शेपटीला छोटा छेद देऊन त्यात ठेवायच्या. शेपटी भरून येते आहे तोवर कोंबाच्या सहवासात त्या पेशीही तंतू लांबवायला शिकतात. मग त्या काढून घ्यायच्या, गाळून वेगळ्या करायच्या आणि वाळून गेलेल्या दृष्टीच्या नसेवर ठेवायच्या. आंधळ्या झालेल्या काही माणसांना यामुळे दिसू लागले होते. सगळ्यांना नाही.

पेटीतल्या प्राण्याच्या शेपटीत रुग्णाच्या पेशी आधीच ठेवलेल्या होत्या. अट एकच होती. प्राणी सुखात हवा. पाणी बिघडले, गरम झाले, तो घाबरला, की त्याचे शरीरही आपल्यासारखेच वागते. कोंब विरघळतो, जखम कशीबशी बुजते आणि शिकवणी थांबते.

"मग तुमच्या केंद्रातच ठेवा की," मी म्हणालो. "मला हे जमणार नाही."

"केंद्रात ठेवायचो. एकाच पाण्यावर सगळ्या टाक्या. एका टाकीत बुरशी आली आणि अख्खं दालन गेलं. तेव्हापासून एक प्राणी, एक घर. थंड गाव, शांत माणूस." त्यांनी माझ्याकडे आणि भिंतीवरच्या पुस्तकांकडे पाहिले. "आणि तुमचं नाव आम्ही नाही काढलं. पेशंटने सुचवलंय."

"कोणी?"

"चारुशीला भटकर. नाशिकला असतात. काचबिंदूने एक डोळा पूर्ण गेलाय, दुसऱ्याला फक्त उजेड कळतो. तोही जाईल काही महिन्यांत. नस पूर्ण मेली की मग आमच्याही हातात काही नाही." डॉक्टर पेटीतले नळ्यांचे जुडगे सोडवत होत्या. "त्यांनी एक निरोप दिलाय. म्हणाल्या, उमाळकरांना सांगा, बोलावं लागणार नाही. फक्त पाणी सांभाळायचंय."

शालूताईने माझ्याकडे पाहिले. तिला सगळे ठाऊक होते. तिला नेहमीच सगळे ठाऊक असे.

"ठेवा," ती डॉक्टरांना म्हणाली. "याच्या टेबलावर ठेवा. ती पुस्तकं मी हलवते."

पाण्याला हात घातल्यावर मला पहिली गोष्ट कळली ती ही की स्वच्छ दिसणारे पाणी स्वच्छ असतेच असे नाही. प्राणी खातो, त्याच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया सुटतो. तो दिसत नाही, पण कल्ले जाळतो. टाकीतल्या फिल्टरमध्ये एक स्पंज असतो. त्यावर हळूहळू तपकिरी, बुळबुळीत थर चढतो. तो थर म्हणजे जिवाणूंची वसाहत. त्यातले काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे काही त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. ते साठले की थोडे पाणी बदलायचे. ही वसाहत जमायला आठवडेच्या आठवडे जातात. ती जमेपर्यंत टाकी फक्त दिसायला टाकी असते.

मी नळाचे पाणी पिंपात भरून क्लोरीन उडेपर्यंत ठेवत असे. सोळा-सतरा अंशांच्या वर ते जाऊ नये म्हणून खिडकीला ओला पडदा लावत असे. दर काही दिवसांनी काचेच्या नळीत टाकीतले पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळे राहिले तर अमोनिया नाही, हिरवे झाले तर आहे. ते पिवळे दिसेपर्यंत माझा जीव वर असे. गांडुळे आणायचे काम शालूताईने स्वतःहून घेतले. ती परसातल्या ओल्या मातीतून ती उकरून आणी आणि चिमट्याने त्याच्यासमोर धरी.

"खा, हसऱ्या. तुझ्या काकाला काही जमत नाही."

रुग्णाने आठवड्यातून एकदा फोन करावा, अशी केंद्राची पद्धत होती. पहिला फोन आला तेव्हा मी उभा राहिलो.

"उमाळकर?"

"मॅडम." आवाज तसाच होता. थोडा खाली उतरलेला, पण शेवटचा शब्द तसाच किंचित वर नेणारा.

"कसा आहे तो?"

"तापमान सोळा. अमोनिया नाही. काल दोन गांडुळं खाल्ली. शेपटीच्या छेदापाशी बारीक फुगवटा दिसतो."

"वा. आणि तुम्ही?"

"मी ठीक."

"पुस्तकं?"

"आहेत."

त्या हसल्या. मला अजून काहीतरी म्हणायचे होते, पण तोवर त्यांनी 'बरं, पुढच्या आठवड्यात' म्हटले होते.

असे फोन येत राहिले. आम्ही पाण्याविषयी बोलत असू. नायट्रेटचा आकडा सांगताना मी कधी कधी उगाच लांबण लावी, म्हणजे त्या थोडा वेळ ऐकत राहतील. एकदा त्या म्हणाल्या, "जर्मनीत माझ्याकडे असे शेकड्याने होते, उमाळकर. पण एकाचंही कोणी मला इतकं सांगितलं नाही." दुसऱ्या एका फोनवर त्यांच्या लग्नाचा विषय ओझरता निघाला, ते तिकडेच झाले आणि तिकडेच संपले होते. मी 'हं' म्हणालो. नंतर दिवसभर त्या 'हं'चा मला राग येत राहिला.

मग मी ते जुने उत्तर पुन्हा लिहायला काढले. आता निमित्त तयार होते. पत्रे आता त्यांची भाची वाचून दाखवते, असे त्यांनी सांगितले होते. "मुलगी गुणी आहे, पण वर्तमानपत्र वाचावं तसं वाचते." माझे पत्र तसे वाचले जाणार ही कल्पनाच मला सहन होईना. म्हणून मी ठरवले : त्यांना दिसू लागले की पाठवायचे. त्यांचे त्यांनीच वाचायला हवे. हा निर्णय मला फार समजूतदार वाटला. कोणतेही काम पुढे ढकलताना मला असेच वाटत आले आहे.

भाद्रपद आला. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. अचलपूरचे घर बंद झाल्यावर शालूताईने मुखवटे सोबत आणले होते, आणि यंदा ते इथे पहिल्यांदा बसणार होते. ती आठवडाभर घर धूत होती. भांडी, फडताळे, खिडक्यांचे गज, सगळे सोडा घातलेल्या गरम पाण्याने. आवाहनाच्या दोन दिवस आधी मी लुगडी आणि केवडा आणायला परतवाड्याला उतरलो. घाटात दरड पडली होती, त्यामुळे यायला संध्याकाळ झाली.

घरात शिरलो तर टाकी लखलखत होती. काचा आरशासारख्या. तळाचे गोटे पांढरे शुभ्र. हसऱ्या एका कोपऱ्यात हसत होता.

"पाहा," शालूताई हात पुसत म्हणाली. "लक्ष्म्या बसणार अन् त्यांच्या समोर ती शेवाळ? पाणी तुझ्याच पिंपातलं घेतलं हं. नळाचं नाही घेतलं. इतकं कळते मला. याला पातेल्यात ठेवला होता, वरून ताट झाकून."

"फिल्टर?"

"तो तर काय विचारू नको. असा बुळबुळीत! उकळत्या पाण्यातून काढला. सोडा टाकून."

स्पंज पिवळाधमक, नवा दिसत होता. तिचे हात सोड्याने सोलवटले होते. पाठ दुखत होती म्हणून एक हात कमरेवर होता.

त्याच क्षणी मला कळायला हवे होते. खरे म्हणजे कळलेच होते. पण मनात आले, मी काय शास्त्रज्ञ आहे? काही जिवाणू उरले असतील. आणि ती इतकी दमली आहे.

"छान झालंय," मी म्हणालो.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी घर भरले होते. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, सवाष्णी, आळीतली मंडळी. मुखवट्यांना नव्या लुगड्यांत उभे केले होते. मी पान वाढता वाढता टाकीकडे पाहिले आणि हातातली वाटी तशीच राहिली.

हसऱ्या पृष्ठभागाशी लोंबकळत होता. कल्ले पुढे वळले होते, टोकांशी पांढरट. शेपटीचे टोक मुडपले होते. तो हवा गिळत होता.

मी नळी घेतली. पाणी भरले. थेंब टाकले. पिवळे झाले नाही. हिरवे झाले, आणि मग गडद हिरवे.

"नारायणा, पाहुणे पानावर आहेत," शालूताई दारात आली. मग माझा चेहरा पाहून जवळ आली. "काय झालं?"

मी तिला सांगितले. हळू आवाजात, जेवढे कमी दोषाचे वाटेल तेवढे. पण जिवाणूंना तिने उकळले होते, हे वाक्य कसेही सांगितले तरी तसेच ऐकू येते.

तिने नळीतल्या हिरव्या पाण्याकडे पाहिले. मग म्हणाली, "तू आलास तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"अन् छान झालंय म्हणालास."

"हो."

"अरे, मूर्खा!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की पंगत गप्प झाली. "मला बोलायचं ना! दोन शिव्या द्यायच्या! माझ्या दोन हातांपायी तू त्या बाईचे डोळे घालवतो?" आणि ती तिथेच, महालक्ष्म्यांसमोर, पदराने डोळे पुसू लागली.

हसऱ्याला आम्ही पसरट टबमध्ये घेतले, पिंपातले थंड पाणी घालून. रोज टबचे सगळे पाणी बदलायचे, हा तात्पुरता उपाय मला पुस्तकातून ठाऊक होता. वाळलेल्या देशी बदामाची दोन पाने टाकली, त्यांचा तपकिरी अर्क कातडीला शांत करतो. मग डॉक्टरांना फोन लावला.

काझी डॉक्टर पडद्यावर आल्या. मी टबवर कॅमेरा धरला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"शेपटीजवळ घ्या. अजून. थांबा." मग त्यांनी चष्मा काढला. "उमाळकर सर, टबमध्ये किती दिवस ठेवणार? रोज हाताळणं हाही ताणच. त्याला टाकी हवी, आणि टाकीला वसाहत हवी. ती नव्याने जमायला महिना तरी जाईल."

"दुसऱ्या कुणाच्या टाकीतला स्पंज?"

"नाही. बुरशीची भीती आहे. नियमच आहे तो."

"मग?"

"मग दोन रस्ते. उद्या मी येते, आता आहेत तशा पेशी काढून घेते. अर्ध्या शिकलेल्या आहेत. लावल्या तर थोडं काही होईल, कदाचित काहीच होणार नाही. किंवा थांबायचं. तो सावरला तर पेशी पूर्ण तयार होतील. पण सावरला नाही तर शेपटी सडेल, आणि मग काहीच नाही. आणि परत नव्याने सुरुवात करायला मॅडमच्या डोळ्याकडे वेळ नाही. पेशंटला विचारावं लागेल. त्यांना जोडते."

मी 'नको' म्हणणार होतो. तेवढ्यात नाशिकचा आवाज आला. डॉक्टरांनी त्यांना सगळे पुन्हा सांगितले.

"दृष्टी माझी आहे, निर्णयही माझाच हवा, हे मला कळतं," चारुशीलाबाई शेवटी म्हणाल्या. "पण मला तो प्राणी दिसत नाही, आणि तुम्हालाही, डॉक्टर, फक्त चित्र दिसतंय. तो ज्यांच्यासमोर आहे त्यांना विचारू. उमाळकर?"

"मॅडम."

"काढायचं, की थांबायचं?"

पंगतीतले लोक हात धुऊन निघून गेले होते. घरात केवड्याचा आणि पुरणाचा वास कोंडला होता. मी टबकडे पाहिले. कल्ल्यांच्या टोकांशी पांढरे होते, पण मुळांशी अजून लाल होते. छेदाजवळचा फुगवटा बसला नव्हता. हे पुरेसे आहे का? मला कसे कळणार? मी कधी एखाद्या गोष्टीबद्दल पुरेशा खात्रीने बोललो आहे?

"वसाहत कुठून आणणार?" मी कुणालाच उद्देशून नव्हे असे पुटपुटलो. "सगळी घाण तर उकळून गेली."

"सगळी कुठे?" शालूताई नाक ओढत म्हणाली. "तळाचे काळे गोटे अन् तो गाळ मी उकळला नाही. ते मी मागं अळवाखाली बादलीत ओतलं. म्हटलं झाडाला होईल खत. टाकीतलं बदललेलं पाणी मी तिथंच तर ओतते. अळू कसलं माजते त्यावर, तूच पाहिलं ना."

"पण टाकीत पांढरे गोटे..."

"ते नदीतले नवे आणले. काळे काहून ठेवू?"

मी मागच्या दाराने धावलो. धावलो हा शब्द माझ्या वयाला शोभत नाही, पण तसेच झाले. अळवाच्या मोठ्या पानांखाली निळी बादली होती, अर्धी भरलेली. पन्हाळीतून पावसाचे पाणी थेंब थेंब तीत पडत होते, त्यामुळे पाणी हलते राहिले होते. तळाशी काळे गोटे आणि तपकिरी गाळ. मी हात घातला. बुळबुळीत होते. इतका आनंद मला कोणत्याही पुस्तकाला हात लावून झाला नसेल.

आत आलो तेव्हा फोन चालूच होता. शालूताई पडद्यासमोर बसून डॉक्टरांना अळवाची भाजी समजावत होती.

"मॅडम," मी म्हणालो. हाताला गाळ लागलेला होता. आवाज माझा वाटत नव्हता. "थांबा."

मला वाटले फोन तुटला.

मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "बरं. थांबते."

पुढचे दिवस चांगले गेले नाहीत. काळे गोटे आणि गाळ टाकीत घातला, स्पंज त्या गाळात बुडवून पिळून पुन्हा लावला. टाकी गढूळ, ओंगळ दिसू लागली. महालक्ष्म्यांचे विसर्जन झाले, तरी शालूताई तिला हात लावू देईना. कोणी बघायला आले तर ती टाकीसमोर उभी राही. "हात नका लावू. घाण मुद्दाम ठेवली आहे."

हसऱ्या टबमध्ये खात नव्हता. कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी दिसली. त्याला खड्याच्या मिठाच्या सौम्य पाण्यात थोडा थोडा वेळ ठेवले. आयोडीनचे मीठ नको, असे डॉक्टरांनी बजावले होते, कारण आयोडीन या जातीला पाण्याबाहेर पडायला भाग पाडू शकते, आणि मग ती विद्याही जाते. मी रोज टाकीतले पाणी नळीत घेऊन थेंब टाकत होतो. हिरवे. हिरवे. थोडे कमी हिरवे. फोन आला की मी आकडा सांगत असे आणि त्या 'बरं' म्हणत. एकदा मी म्हणालो, "माझं चुकलं असेल तर?"

"चुकलं तर चुकलं, उमाळकर," त्या म्हणाल्या. "तुम्ही काहीतरी म्हणालात."

त्यानंतर एका सकाळी नळीतले पाणी पिवळे राहिले. मी तीन वेळा पाहिले. मग शालूताईला बोलावून तिलाही दाखवले. हसऱ्याला टाकीत सोडले. तो तळाच्या काळ्या गोट्यांवर जाऊन बसला, कल्ले पसरले, आणि शालूताईने चिमट्याने धरलेले गांडूळ एका झटक्यात ओढून घेतले.

"खाल्लं!" ती ओरडली. "खाल्लं रे मेल्याने!"

काझी डॉक्टर दिवाळीनंतर आल्या. त्यांनी हसऱ्याला भूल देऊन शेपटीतून पेशी काढून घेतल्या. काही दिवसांतच काढल्या तेवढ्या जागी पुन्हा कोंब धरायला लागला. नाशिकची शस्त्रक्रियाही झाली. मी डॉक्टरांना फोनवर विचारले, दिसेल का?

"तंतू नसेतून पुढे सरकायला वेळ लागतो. संक्रांतीच्या आसपास कळेल. कदाचित थोडं, कदाचित बरंच. कदाचित नाही. पेशी मात्र उत्तम होत्या, सर. एवढं मी सांगू शकते."

त्या दिवशी दुपारी मी टाकीसमोर बसलो होतो. स्पंज पुन्हा तपकिरी झाला होता. हसऱ्या माझ्याकडे पाहून हसत होता, अर्थात तो कोणाकडेही पाहून हसतो. मी खण उघडला. उत्तराचे मसुदे होते, सुबक अक्षरातले, एकात एक घडी घातलेले. वाचले. प्रत्येक मसुदा आधीच्यापेक्षा स्वच्छ होता. शेवटचा तर असा होता की तो कोणीही कोणालाही पाठवावा.

मी नवा कागद घेतला. अक्षर मोठे काढले, थोडे दिसत असले तरी वाचता यावे म्हणून.

'चारुशीला,' असे लिहिले. 'तुम्ही विचारले होते. थांबा. हे मला तेव्हाही म्हणायचे होते. आता उशीर झाला आहे, हे मला कळते, आणि याने काय बदलेल ते मला माहीत नाही. संक्रांतीला मी नाशिकला येतो आहे. तुम्हाला दिसत असो वा नसो. शालूताई अळू देणार आहे, ते घेऊन येईन. तुमचा, नारायण.'

'संक्रांतीला'वर शाई पसरली होती. एक शब्द खोडलेला होता.

शालूताई चहा घेऊन आली. कागदाकडे बघितले नाही असे दाखवत तिने बघितले.

"फेअर नाही करणार?"

"नाही."

"भाची वाचून दाखवेल मग. वर्तमानपत्रासारखं."

"वाचू दे."

तिने चहा ठेवला, कपाटातून माझी छत्री काढली आणि दाराशी टेकवून ठेवली.

टपाल कार्यालयापर्यंत धुके होते. पेटी लाल आहे हे जवळ गेल्यावरच कळले. पाकीट पेटीच्या तोंडाशी धरले तेव्हा सवयीने वाटले, पत्ता एकदा पाहावा, पिनकोड बरोबर आहे ना ते पाहावे. मी पाहिले नाही. बोटे सोडली. आत तळाशी आधीची काही पत्रे असावीत, कारण पडल्याचा आवाज आला नाही. मी तसाच उभा राहिलो, आणि मग हात घालून पाहिला. फटीत काहीच लागले नाही; पाकीट आत गेले होते.